एक मोती कमी

३ मार्च

ठमे,

अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलंस ना? जरा दम धर. नऊ वर्षं मी गप्प बसले, आता दोन पानं वाचायला तुझं काही जात नाही.

पत्ता रंगवाल्याने दिला. त्याला बोल लावू नकोस. मी त्याच्या दुकानात ठाण मांडून बसले, गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा कुठे त्याने वही उघडली. तू शाळेत चित्रकलेच्या बाई झालीस म्हणे. पोरांकडून फुलदाण्या काढून घेत असशील. तुझ्यासारखा हात फुलदाण्यांवर चाललाय हे ऐकून जिवाला लागलं, खोटं कशाला बोलू.

कामाचं सांगते. नाटकगृहाच्या नव्या जिन्यासाठी सात बायकांची ऑर्डर आली आहे. सगळ्या जुन्या चित्रांच्या आपल्या नेहमीच्याच नकला, रेनेसाँसच्या दरबारांतल्या राण्या आणि सरदारणी. जिन्याच्या वळणावळणावर एकेक टांगायची म्हणे, म्हणजे वर चढणाऱ्याला धाप लागली तर बघायला काहीतरी. नाकवाली आहे, कपाळवाली आहे, हिरव्या बाह्यांची आहे, आणि ती समोर टक लावून बघणारीसुद्धा आहे, जिला तू सासूबाई म्हणायचीस. खरी नावं बाबांच्या जाड पुस्तकात असतील. आपल्या कारखान्यात त्यांना कधी कोणी त्या नावांनी हाक मारली नाही.

कपडे मी करतेच आहे. मखमल, जर, बाहीच्या फटीतून डोकावणारं पांढरं लिनन, सगळं नेहमीसारखं. तू गेल्यापासून दागिनेही कसेबसे उरकते. पण चेहरे आणि हात म्हणजे बाबांचं काम, आणि त्यांच्या खालोखाल तुझं. एकट्या बाबांनी या वयात सात चेहरे कसे करायचे? म्हणून म्हणते, सुट्टी काढून ये.

हे निमित्त आहे हे तुलाही कळतंय. तू घरी यावंस आणि एकदा बाबांच्या समोर उभं राहावंस, एवढंच मला हवंय. ते बरे आहेत. चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय, बाकी काळजीचं काही नाही. पण ये ते लवकर ये.

ताई

२६ मार्च

ठमे,

तुझं उत्तर नाही. मला तेच अपेक्षित होतं, तरी रोज खाली जाऊन पत्रपेटी उघडते. पोस्टमन हसायला लागलाय.

नाटकगृहाचे मॅनेजर परवा येऊन गेले. नाकवाली पूर्ण झाली होती ती दाखवली. ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "या बाईंची दाढ दुखतेय का?" आता एका बाजूला बघणारी बाई म्हणजे सगळ्यांत सोपं काम. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ साधली की झालं. तेवढंही मला जमलं नाही. गाल सुजल्यासारखा आला.

म्हणजे बाबांना जमलं नाही असं लिहायचं होतं. जाऊ दे, लिहिलं ते लिहिलं. नाकवाली मी केली. बाबांना हल्ली सलग बसवत नाही, पाठ धरते. मॅनेजरांना मात्र चेहरा बाबांचाच आहे असं सांगितलं. लोक आपल्याकडे येतात ते बाबांच्या हाताच्या चेहऱ्यासाठी, माझ्या हाताचा चेहरा जिन्यात काय, अडगळीतही कोणी लावणार नाही.

बाबांनी कारखान्यात मोठा दिवा लावून घेतलाय. तरी म्हणतात, उजेड कमी आहे, तू मुद्दाम पडदे ओढतेस. पडदे मी जानेवारीतच काढून टाकलेत. पेपर आला की वाचून दाखव म्हणतात, छपाई हल्ली फिकट करतात म्हणे.

काल जेवताना म्हणाले, कपाळवालीचे मोती कोण करणार? मी म्हटलं, मीच करते की हल्ली. त्यांनी घास तसाच ठेवला आणि म्हणाले, "तिचे मोती ओले दिसायचे." नऊ वर्षांत पहिल्यांदा तुझा विषय काढला, तोही मोत्यांवरून. मी तोंडात भात कोंबून बसले. मला काय बोलायचं होतं आणि का बोलले नाही ते पुढच्या पत्रात लिहीन. आज हिंमत होत नाही.

ताई

१४ एप्रिल

ठमे,

आज लिहितेच. दुपार आहे, बाबा वर झोपलेत. मी खाली दार लावून बसले आहे.

आपल्या कारखान्याची रीत मी तुला सांगायची म्हणजे अतीच झालं. नकलेत मूळ चित्रापेक्षा एक मोती कमी. बाकी सगळं सुतासारखं जुळलं तरी चालेल, मोती मात्र एक कमीच. म्हणजे उद्या कोणी आपली बाई खरी म्हणून विकायला काढली तर नुसतं मोजलं की पितळ उघडं पडेल. आजोबांनी पाडलेली रीत. बाबा ती देवासारखी पाळायचे.

कपाळवालीच्या खालच्या माळेत मुळात एकतीस मोती. नऊ वर्षांपूर्वी तू तीस केले होतेस, नेहमीसारखे. चित्र वाळलं, वॉर्निश झालं, दलाल न्यायला आला. तू कॅनव्हासचं कापड आणायला गेली होतीस आणि बाबा दातांच्या डॉक्टरकडे. तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि काडीने मोती मोजायला लागला. म्हणाला, गिऱ्हाईक फार चिकित्सक आहे, एक कमी दिसला तर माल परत येईल. मी रीत सांगितली. त्यावर हसला आणि म्हणाला, "तुम्हाला मोती काढता येत नसेल तर राहू दे, बहीण येईपर्यंत थांबतो."

एवढंच. मला कोणी धमकावलं नव्हतं, काही देऊ केलं नव्हतं. पंधरा वर्षं मी बाह्याच करत होते. मानेच्या वर मला कोणी ब्रश लावू दिला नव्हता. तुला मात्र अठराव्या वर्षी बाबांनी मोती दिले, विसाव्या वर्षी चेहरे. मला त्या माणसाला दाखवायचं होतं की मलाही येतं. खांद्याजवळ जागा करून एकतिसावा मोती बसवला. आधी करडा, मग पांढरा, मग चमकेचा ठिपका. दहा मिनिटंही लागली नाहीत. फार सुंदर झाला होता, आणि मी दिवसभर खूश होते.

पुढचं तुला माहीत आहे. पाचशे वर्षांपूर्वीची म्हणून ती विकली गेली, बोंब झाली, चौकशीची माणसं आपल्याकडे आली. बाबा किती ताठ मानेने म्हणाले होते, "आमची असेल तर एक मोती कमी असेल, मोजा." त्यांच्यासमोर मोजले. एकतीस भरले. बाबांचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही.

मग ते तुझ्याकडे वळले. मोती तुझ्याशिवाय कोण काढतं, म्हणाले. तू एकदाच म्हणालीस, मी नाही. आणि माझ्याकडे बघितलंस. मी ब्रश धूत होते, ठमे. धुतलेलाच ब्रश परत परत धूत होते. या घराचा उंबरठा पुन्हा चढायचा नाही असं त्यांनी तुला सांगितलं तेव्हाही मी धूतच होते.

तुला तेव्हाच कळलं होतं का? मोत्यावरचा ठिपका बघून तू कोणाचाही हात ओळखायचीस, मग माझा ओळखला नसशील असं कसं होईल? कळलं असेल तर तू का बोलली नाहीस? हा प्रश्न मी नऊ वर्षं रोज स्वतःला विचारते आणि उत्तर आवडत नाही म्हणून सोडून देते.

माफी माग म्हणशील तर मागते. मला माफ कर. लिहायला इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. तू आलीस की तुझ्यादेखत सांगेन.

ताई

२ मे

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, तरी मी ते जिन्यात उभ्याउभ्या दहा वेळा वाचलं. मोत्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. "बाबा मला घरात घेतील का, एवढंच कळव." बरं, एवढंच कळवते.

घेतील. शंभर टक्के घेतील. ते आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. आवाज मऊ झालाय, रागावले तरी लगेच पाणी मागतात. तू फक्त समोर येऊन उभी राहा. तुझा चेहरा दिसला की विरघळतील.

रविवारी ये, चौदा तारखेला. मी घरात असेन. आल्या आल्या काही बोलू नकोस, खुलासे करू नकोस, जुनं उकरू नकोस. नुसती उभी राहा. बोलायचं ते मी बोलेन. मोत्याचंही मीच सांगेन, माझ्या शब्दांत, सावकाश. तेवढं माझ्यावर सोड.

तुझ्या खोलीतली मखमलीची गाठोडी काढलीत आणि खिडकी धुतली आहे. बाबांनी विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, उंदीर झालेत. त्यांना आधी सांगत नाही, उगाच जीव टांगणीला. तू येशील तेव्हाच कळू दे.

ताई

१४ मे

ठमे,

आज रविवार. मी सकाळपासून दारात बसले होते. अकरा वाजता समोरचे फ्रेमवाले काका रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "काल का नाही थांबवलीस तिला?"

तू काल आलीस. एक दिवस आधी. एका बाजूला बघणाऱ्या चार बायकांचे चेहरे मी कसेबसे उरकले होते, त्या टांगून घ्यायला नाटकगृहात गेले होते.

काकांनी सगळं बघितलं. म्हणाले, तू त्यांच्या दुकानाशी पाच-दहा मिनिटं उभी होतीस, हातात पिशवी. त्यांनी ओळखलं, पण हाक मारली नाही. मग तू रस्ता ओलांडलास. दार उघडंच होतं. बाबा कपाळवालीसमोर बसले होते. तू आत जाऊन बरोबर त्यांच्या समोर उभी राहिलीस आणि काही बोलली नाहीस. बाबांनी मान वर केली, तुझ्याकडे बघितलं, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. काहीतरी म्हणाले. तू आणखी थोडा वेळ थांबलीस आणि निघून गेलीस. "एवढी वर्षं झाली तरी म्हातारा विरघळला नाही," असं काका मला सांगत होते.

आता नीट वाच. एकेक शब्द नीट वाच.

बाबांना दिसत नाही. गेल्या ऑगस्टपासून. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय, दोन्ही डोळ्यांच्या. कडेकडेचं दिसतं, मधलं जातं. खुर्ची दिसते, दाराची चौकट दिसते, समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. तिथे नुसतं धुरकट काहीतरी असतं. डॉक्टर म्हणाले, इलाज नाही, उरलंय ते वापरायला शिका. आणि शिकवलंही. जे बघायचं असेल त्याच्याकडे बघायचं नाही. मान दुसरीकडे वळवायची, म्हणजे ते माणूस डोळ्याच्या कडेला येतं आणि थोडंफार उमटतं. घरात आम्ही रोज याचा सराव करतो. माझ्याकडे बघायचं असलं की बाबा खिडकीकडे तोंड करतात.

काल ते तुला बघायचा प्रयत्न करत होते, ठमे.

मी त्यांना विचारलं, काल कोणी आलं होतं का? म्हणाले, हो, एक बाई आल्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत. आकार दिसला, चेहरा काही लागला नाही. "मी म्हटलं, आज कोणी नाही, उद्या या," असं बाबांनी सांगितलं. हे आमचं ठरलेलं आहे. मी नसताना कोणी आलं तर ते एवढंच बोलतात, म्हणजे कोणाला संशय येत नाही. वर मला म्हणाले, "त्यांना काही कळलंसुद्धा नाही." इतके खूश होते स्वतःवर.

हे मी तुला आधी का लिहिलं नाही? त्यांनी आईची शपथ घातली होती. चेहरे काढणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत हे बाहेर कळलं तर माझं काय राहिलं, म्हणाले. धाकटीला तर मुळीच कळवायचं नाही, ती कीव करत आलेली मला नको. मोत्याचं पाप माझं होतं, ते मी सांगून टाकलं आणि हलकी झाले. हे गुपित त्यांचं होतं, ते राखलं आणि स्वतःला शहाणी समजले.

आणि 'काही बोलू नकोस' हे मी तुला कशासाठी लिहिलं? बाबांच्या भल्यासाठी नाही. मी सांगायच्या आत तू मोत्याचं बोलशील या भीतीने. तू नुसतं 'बाबा' म्हणाली असतीस तर त्यांनी आवाज ओळखला असता. तुझं तोंड मी बंद केलं. दुसऱ्यांदा.

हे पत्र उद्या सकाळी पहिल्या डाकेने टाकते. मिळताच ये. कोणताही वार, कोणतीही वेळ.

ताई

८ जून

ठमे,

१४ तारखेचं पत्र परत आलं. पाकिटावर कोणीतरी लाल पेनाने 'येथे राहत नाहीत' असं लिहिलंय. दुसरं लिहिलं, तेही परत आलं. मग मी स्वतः गेले. तुझ्या घरमालकीण बाई दारातच म्हणाल्या, सोळा तारखेला खोली सोडली, सामान असं नव्हतंच फारसं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. शिपायाने सांगितलं, बाईंनी राजीनामा टपालाने पाठवला. कुठे गेली हे कोणाला माहीत नाही. रंगवाल्याकडेही नवा पत्ता नाही. मी शाळेच्या पायरीवर बसून रडले. शिपायाने पाण्याचा पेला आणून दिला.

या पत्राच्या मी पाच प्रती केल्या आहेत, आणि प्रत्येकीसोबत १४ मेच्या पत्राचीही नक्कल जोडली आहे, ती आधी वाच. एक शाळेत, एक घरमालकिणीकडे, एक रंगवाल्याकडे, दोन तुझ्या जुन्या मैत्रिणींकडे. सगळा जन्म नकला करण्यात गेला, ही विद्या तरी कामी येऊ दे.

परत आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. सकाळी, कारखान्यात, त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन. आधी मोती, मग पत्रं, मग ती बाई कोण होती ते. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडायला हवे होते. मलाही त्यांनी उंबरठा दाखवला असता तर मी उठून गेले असते आणि मला बरं वाटलं असतं. मोत्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. ब्रश हातातच होता, त्याचा रंग धोतरावर गळत होता. त्यांनी विचारलं, ती बसली होती का?

मी म्हटलं, नाही बाबा, उभीच होती.

मग म्हणाले, "कशी दिसते आता?"

मी तरी तुला कुठे बघितलंय नऊ वर्षांत? शेवटी फ्रेमवाल्या काकांना बोलावलं. काका आयुष्यभर लाकूड आणि काच बघत आलेले. म्हणाले, केस कापलेत, चष्मा लागलाय, थोडी वाळली आहे. बाबांचं एवढ्याने भागेना. कपाळ किती? भुवयांत अंतर किती? नाक आईचंच आहे ना अजून? काका बोटांनी मापं दाखवायचे आणि बाबा त्यांच्या बोटांना हात लावून बघायचे.

तेव्हापासून रोज अकराला काकांना बोलावणं जातं. ते दुकान उघडं टाकून येतात आणि पहिल्यापासून सांगतात, तू कुठे उभी होतीस, रस्ता कसा ओलांडलास, आत कशी गेलीस. रोज थोडं काहीतरी नवीन घालतात, बिचारे. परवा तू हसल्यासारखी वाटलीस म्हणाले. बाबांनी लगेच पकडलं, काल तर हसली नव्हती. काका गडबडले आणि म्हणाले, माझ्या आज लक्षात आलं. मी त्यांना थांबवत नाही. डॉक्टर म्हणतात, कडेचं दिसतंय तेही वर्षभरात जाईल.

कपाळवाली, सासूबाई आणि हिरव्या बाह्यांची अजून भिंतीला टेकून आहेत, चेहऱ्यांविना. मॅनेजर तगादा लावतात. मी कपडे पुन्हा पुन्हा पुसून करते. दुसरं काही येत नाही मला.

हे पत्र तुझ्या हाताला लागलं तर ये. आणि आलीस तर माझं मागचं सगळं विसर. समोर उभी राहू नकोस. त्यांच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर उभी राहा, आणि आधी बोल. काहीही बोल, मला शिव्या दे हवं तर. मग ते तोंड फिरवतील. फिरवतीलच, कारण तुला बघायचा तेवढाच एक मार्ग उरलाय त्यांच्याकडे. त्या वेळी निघून जाऊ नकोस.

ताई